साक्षीचं फडकं

१

मशीनकाकांच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो पुसापुशीने. काकू उठल्या की चहाच्याही आधी गॅलरीत जायच्या. आधी कठडा, मग खिडकीच्या चौकटी, मग कुंड्यांमधली पानं एकेक करून. फडकं काळं व्हायचं, बादलीतलं पाणी काळं व्हायचं आणि मग काकू दाराला धरून धापा टाकत उभ्या राहायच्या. काकांनी अनेकदा सांगून पाहिलं होतं की राहू दे, मी पुसतो. त्यावरचं उत्तर ठरलेलं.

"तुम्ही पुसता की पसरवता?"

गल्लीच्या पलीकडे, एका भिंतीच्या आड, लोखंड ओतायचा कारखाना होता. आधी कारखाना आला की आधी वस्ती, यावरून इमारतीत दोन तट होते आणि दोघे हमरीतुमरीवर यायचे. काजळी मात्र दोन्ही तटांच्या घरी सारखीच यायची. दुपारी भट्टी उघडली की चिमणीचा धूर वर जायच्या ऐवजी खाली वाकायचा आणि गल्लीत शिरायचा. भोंगा झाला की बायका खिडक्या लावून घ्यायच्या, तरी संध्याकाळी उशीवर बोटाने नाव लिहिता यायचं.

काकांचा धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. दुकान त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, घर पहिल्या मजल्यावर. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की काका हात वर करायचे, "तुम्ही बोलू नका, मशीनला बोलू द्या." चाक फिरवून, डोळे मिटून ऐकायचे आणि दुखणं सांगायचे. त्याच कानांनी ते काकूंची छाती ऐकायचे. श्वास आत जाताना खरखर, बाहेर येताना शेवटी बारीक शिट्टी. हे काही त्यांना दुरुस्त करता येत नव्हतं.

डॉक्टरांनी तर हात टेकले होते. "गोळ्या मी देईन, पंप मी देईन," ते म्हणाले, "हवा कुठून आणून देऊ? घर बदला."

घर बदला म्हणणं सोपं. त्या गल्लीतलं घर विकत घ्यायला ज्याला नाकच नाही असा माणूस शोधायला हवा होता.

२

वरच्या मजल्यावर मॅडम राहायच्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि हाती घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय न झोपणाऱ्या. तक्रारी करून करून त्यांच्या नाकी नऊ आले होते. प्रदूषण खात्याचे साहेब पाहणीला यायचे त्या दिवशी भट्टी नेमकी गार असायची. साहेब निळं आकाश बघून, चहा पिऊन परत जायचे.

"चिमणी बंद ठेवता येते," मॅडम इमारतीच्या सभेत म्हणाल्या, "पण पडलेली काजळी त्यांना परत बोलावता येत नाही. आपण साक्षीदार उभा करू."

साक्षीदार म्हणजे फडकं. एकाच ताग्यातलं पांढरं कापड, प्रत्येक घराला एक तुकडा. गॅलरीत दोरीवर बांधायचं आणि साहेब येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, धुवायचं नाही, झटकायचं नाही. सगळ्या तुकड्यांना काठ काकांनीच शिवून दिला. गल्लीने त्यांची थट्टा केली, की काका, आयुष्यभर दुसऱ्यांची मशीनं चालवलीत, आज स्वतःचं चालवलंत. काकांना ते आवडलं.

थोड्याच दिवसांत फडकी राखाडी झाली, मग काळपट, मग काळी. मॅडम खाली उभ्या राहून वर बघायच्या आणि समाधानाने मान हलवायच्या. एकच फडकं पांढरंशुभ्र होतं. काकांचं.

"धुतलंस ना?" काकांनी विचारलं.

"मी? हात नाही लावला."

"अगं, तुझा हात म्हणजे... घाण दिसली की तुला राहवत नाही. पाहुण्यांच्या अंगावरचा शर्ट तेवढा तू धुवायचा ठेवतेस."

"नाही म्हटलं ना! मला कळत नाही का ते कशासाठी आहे ते? श्वास माझा चाललाय, तुमचा नाही."

काकांनी मान डोलावली. पण नवरा तो नवरा. दुपारी काकू आडव्या झाल्यावर त्यांनी मेण लावलेला दोरा घेतला आणि फडकं दोरीलाच शिवून टाकलं, शेवटी स्वतःची गाठ मारून. ती गाठ त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवली होती. कापल्याशिवाय ती सुटत नसे आणि दुसऱ्या कुणाला ती मारता येत नसे.

दुसऱ्या दिवशी गाठ जशीच्या तशी होती आणि फडकं पांढरं होतं.

काकू कठड्याशी उभ्या होत्या. हातातलं पुसायचं फडकं कोरडं आणि स्वच्छ. "अहो," त्या म्हणाल्या, "आज काही निघतच नाहीये."

३

माणसाच्या डोक्याला कारण लागतं. काकांनी बरीच कारणं गोळा केली. वारा फिरला असेल. वरच्या मॅडमच्या गॅलरीचा आडोसा असेल. पण शेजारची गॅलरी हातभर अंतरावर, तिथे फडकं काळंकुट्ट, आणि मॅडमचं स्वतःचं तर डांबरासारखं.

मग एका दुपारी दुकान बंद करून ते जेवायला वर आले. जेवण झालं, काकू आत आडव्या झाल्या, काका गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. भट्टी उघडली. उन्हात काजळीचे कण तरंगत येताना स्पष्ट दिसत होते. ते कठड्यापर्यंत आले आणि वळले. सगळेच्या सगळे डावीकडे वळले आणि कुंड्यांच्या मागच्या कोपऱ्यात निघून गेले, रांगेत, घाई न करता.

आणि काकांनी आवाज ऐकला. कुणीतरी श्वास आत घेत होतं.

लांब, सावकाश, नाकातून. आत काहीतरी मोठं भरत असल्यासारखा. काकांनी सवयीने डोळे मिटले आणि पुढच्या आवाजाची वाट पाहिली. सुई खाली गेली की वर यायला हवी. श्वास आत गेला की बाहेर यायला हवा.

तो बाहेर आला नाही. थोड्या वेळाने परत आतच गेला.

काकांनी पाण्याच्या पाइपाला कान लावला. पाइप मुका होता. जिना चढून मॅडमकडे गेले, तुमच्याकडे काही मशीन चालू आहे का म्हणून विचारलं. मॅडम पेपर वाचत बसल्या होत्या. पंखासुद्धा बंद होता. काका खाली आले, परत खुर्चीत बसले, आणि संध्याकाळ होईपर्यंत तिथून उठले नाहीत. कोपऱ्यात काहीच नव्हतं. फक्त भर उन्हात तेवढा कोपरा उजळत नव्हता, आणि जवळच्या कुंडीतली सगळी पानं त्या बाजूला झुकली होती.

काकूंना काय सांगायचं, हा प्रश्न होता. त्यांनी काहीच सांगितलं नाही.

४

कारण काकू बऱ्या होत होत्या.

आधी पंप दिवसाआड लागायला लागला. मग तो कुठे ठेवलाय तेच आठवेना. खरखर गेली, शिट्टी गेली. एकदा काका दुकानात तेल घालत बसले होते तर काकू डबा घेऊन स्वतः जिना उतरून आल्या आणि परत चढूनही गेल्या, मध्ये न थांबता. काकांनी हातातलं मशीन बाजूला ठेवलं आणि रुमालात तोंड घातलं. गिऱ्हाईकाला वाटलं डोळ्यात तेल गेलं.

त्या दुपारी ते गॅलरीत गेले. बोलायचं कुणाशी, हे ठाऊक नव्हतं. कोपऱ्याकडे तोंड केलं, घसा साफ केला.

"फार उपकार झाले," ते म्हणाले. "तुम्ही कोण, काय, मला माहीत नाही. विचारतही नाही. पण आमची बाई परत गाणी म्हणायला लागली आहे. सुरात नाही म्हणत, तरी."

आपलं आपल्यालाच हसू आलं. त्यांनी कोपऱ्यातला अडगळीचा डबा उचलून दुसरीकडे ठेवला, जागा मोकळी असावी म्हणून. घरी आलेल्या माणसाला आपण बसायला जागा करून देतो, तसंच.

पण खरं सांगायचं तर भीतीही होतीच. उपकार करणारा दिसत नसला की मान किती वाकवायची ते कळत नाही. काका त्या कोपऱ्याकडे पाठ करत नसत. कुंड्यांना पाणी घालताना हात लांब करून घालत. आणि रोज तो श्वास आत जायचा, आत जायचा, आणि रोज त्यांच्या मनात तोच विचार यायचा की हे सगळं मावतंय कुठे?

५

साहेबांचा दिवस ठरला. मॅडम प्रत्येक गॅलरीखाली उभ्या राहून बघत बघत आल्या आणि काकांच्या दारात येऊन थांबल्या. त्यांचा चेहरा पडला होता.

"काका, तुमचं फडकं पांढरं का?"

"मी हात लावलेला नाही मॅडम."

"कारखान्याच्या वर्दीचं शिवणकाम ज्यांवर होतं ती मशीनं तुमच्याकडेच येतात ना दुरुस्तीला?"

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. आतून काकू तरातरा बाहेर आल्या. "मॅडम, माझा नवरा विकला गेला असता तर मी त्याला जेवायला वाढलं नसतं!"

मॅडम खाली बसल्या. रागावून आल्या होत्या, पण आता नुसत्याच थकलेल्या दिसत होत्या. "मला तसं म्हणायचं नव्हतं. पण विचार करा. साहेबांबरोबर कंपनीचा वकील येणार. कंपनीच्या माणसांनी खालून सगळ्या फडक्यांचे फोटो आधीच काढून नेलेत. तो बाकी काही बघणार नाही, फक्त तुमच्या गॅलरीकडे बोट दाखवणार. म्हणणार, हे बघा, इथे स्वच्छ आहे, बाकीच्यांनी चुलीवर धरून काळी केली. समोरच्या घरात तान्हं बाळ आहे काका, त्याला वाफ देऊन झोपवतात. ते कुठे जाणार?"

"काढून टाकू का?"

"मग म्हणतील लपवलं. आणि काळं फासलेलं मला चालणार नाही. खोटी साक्ष दिली की खरी साक्षही बुडते."

त्या गेल्या. काकू दाराकडे बघत राहिल्या. "मी बरी झाले," त्या हळूच म्हणाल्या, "आणि सगळ्या गल्लीचं नुकसान झालं. असं कसं हो?"



६

साहेब यायच्या दिवशी सकाळीच काकांनी काकूंना बहिणीकडे पाठवून दिलं. काकूंनी कारण विचारलं नाही. जाताना फक्त एकदा गॅलरीकडे पाहिलं आणि चप्पल घातली.

काका कोपऱ्यासमोर उभे राहिले. हात जोडलेले.

"मागायला तोंड नाही," ते म्हणाले. "तुम्ही आमच्यासाठी इतकं घेतलंत. पण आजचा दिवस... घेतलंत त्यातलं थोडं परत द्या. माझ्या घरापुरतं नाही, सगळ्यांसाठी मागतोय."

काही झालं नाही. खाली रिक्षा गेली, कुणीतरी बादली आपटली. काका आत आले, काचेचं दार लावून घेतलं आणि काचेला कपाळ टेकून उभे राहिले.

आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तो श्वास बाहेर आला.

वारा नव्हता, शेजारचं फडकं हललंही नाही. काकांचं मात्र पाठीमागून कुणी ढकलावं तसं पुढे फुगलं. कापड कशावर तरी ताणलं गेलं. काकांना त्यात एक कपाळ दिसल्यासारखं वाटलं, माणसाच्या कपाळापेक्षा बरंच रुंद, आणि खाली उघडं तोंड. त्या तोंडाच्या जागेवर काळा ठिपका उमटला आणि पसरत काठापर्यंत गेला, त्यांनी शिवलेल्या टाक्यांपर्यंत. श्वास संपेना. काच काळी झाली. काका तिथेच खाली बसले आणि त्यांनी कानांवर हात दाबले.

साहेब आले तेव्हा काकांनी दार उघडून दिलं. साहेब बाकीची फडकी बघत बघत लिहीत आले होते. इथे ते लिहायचे थांबले. फडकं ओल्या सतरंजीसारखं जड लोंबत होतं. त्यांनी बोट लावलं तर हात मनगटापर्यंत काळा झाला. वकील काही बोलायला गेला आणि त्यालाच खोकल्याची उबळ आली.

"इथे माणसं राहतात?" साहेबांनी विचारलं.

"राहतात," मॅडम म्हणाल्या.

भट्टीला त्याच दिवशी सील लागलं. पुढे कंपनीने ती तिथून हलवलीच. गल्लीने मॅडमना डोक्यावर घेतलं, आणि मॅडमनी सगळ्यांसमोर काकांची माफी मागितली. काका नुसतं "अहो, असू द्या, असू द्या" म्हणत राहिले. समोरच्या घरातलं बाळ खिडकी उघडी टाकून झोपायला लागलं. ते पाहून काकांचा ऊर भरून आला आणि त्यांनी मनातल्या मनात पुन्हा एकदा कोपऱ्याचे आभार मानले.

७

हवा स्वच्छ झाली. खिडकीच्या काचेतून लांबची टेकडी दिसायला लागली, जी तिथे आहे हे लहान मुलांना माहीतच नव्हतं.

आणि काकूंना परत धाप लागायला लागली.

डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, डोकं खाजवलं. "काहीच नाही. स्वच्छ आहे." घरी आल्यावर काकू पलंगावर बसल्या. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, आणि श्वासाला खरखर नाही, शिट्टी नाही. नुसता अपुरा. कुणीतरी तोंडाशी आलेला घास काढून घ्यावा तसा.

काकांनी डोळे मिटले आणि ऐकलं. तो आवाज गॅलरीत नव्हता. तो पलंगाच्या डोक्याशी होता. लांब, सावकाश, आत जाणारा.

बाहेर घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते आत आलं होतं. त्यात दुष्टावा नव्हता, हे काकांना कसं कोण जाणे पण पक्कं ठाऊक होतं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

ते धावत दुकानात गेले, तेलकट चिंध्यांचा गठ्ठा आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले, आणि गॅलरीत चिंध्या पेटवल्या. काळा धूर निघाला, कठड्याशी वळला, कोपऱ्यात गेला. आत काकूंनी भरभरून श्वास घेतला आणि पाणी मागितलं.

असं काही दिवस चाललं. पण चिंध्यांचा सगळाच धूर कोपऱ्यात जात नसे. एका दुपारी मॅडम दारात उभ्या राहिल्या, तोंडाला रुमाल. त्या रागावल्या नाहीत. बोलायला गेल्या आणि खोकतच राहिल्या, भिंतीला धरून.

"काका," शेवटी म्हणाल्या, "निदान तुम्ही तरी..."

काकांची मान खाली गेली. त्यांनी डबा विझवला आणि खाली नेऊन टाकून दिला.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंना डुलकी लागली तेव्हा काका गॅलरीत गेले आणि कोपऱ्याजवळ फरशीवर बसले. ऊन चांगलं होतं. गल्लीत कुणाचा तरी रेडिओ लागला होता.

"इकडे या," ते म्हणाले. "तिच्याकडे नको. तुमचे उपकार माझ्यावर आहेत, ते मला फेडू द्या."

तो आवाज खोलीतून निघाला, उंबऱ्यावरून आला, त्यांच्या शेजारी थांबला. काकांनी छाती भरून घेतली आणि श्वास सोडला. सोडलेला श्वास ओढून नेला गेला, हातातून दोरा खेचावा तसा, आणि त्याबरोबर थोडं आणखीही गेलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. पण आत काकूंचा श्वास नीट चालू होता. काकांना ते ऐकू येत होतं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

मग ते रोज बसायला लागले. जिना चढताना मध्ये थांबायला लागले. दुकानात कुणी विचारलं तर वयाचं कारण सांगायचे.

एका दुपारी ते बसले होते आणि दार सरकलं. काकू बाहेर आल्या. काही न बोलता त्या कोपऱ्याच्या पलीकडच्या बाजूला फरशीवर टेकल्या. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा राहिली.

"तू आत जा," काका घाबरून म्हणाले.

"का? तुम्हाला काय वाटलं, मशीनवाल्यालाच कान असतात?" काकू म्हणाल्या. "मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय. मला वाटायचं तुम्ही घाबराल, म्हणून बोलले नाही."

काकांनी तिला मानेनेच आत जायची खूण केली.

"माझ्यासाठी त्याने ती सगळी घाण गिळली. आणि देणं तुम्ही एकट्याने द्यायचं? चांगला न्याय आहे." त्यांनी केस सारखे केले, पाठ भिंतीला टेकली. "अर्धा तुमचा, अर्धा माझा."

काका नको नको म्हणत असतानाच काकूंनी श्वास सोडला. काकांनीही घाईघाईने सोडला, तिचा कमी जावा म्हणून. मधल्या रिकाम्या जागेत तो आवाज आला, लांब आणि सावकाश. दोघांना घेरी आली. काकूंनी काकांचा हात शोधायला मधून हात पुढे केला.

हात अर्ध्यावरच थांबला. कशावर तरी टेकला.

काकांना ओरडायचं होतं, पण छातीत तेवढा श्वास नव्हता. काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. बोटं जरा चाचपडली, खाली उतरली, परत वर आली, आणि मग त्या हळूहळू थोपटायला लागल्या.

"अहो," काकू अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "किती दमलंय हो हे."